घाम मोजा, मग बाटली भरा: दमट उकाड्यात लांब धावताना पाण्याचं गणित

मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी होते. तेव्हा पहाटेची हवा त्या मानाने सुसह्य असते. पण तिची खरी तयारी होते ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात, म्हणजे आधी पावसाळी दमटपणात आणि मग ऑक्टोबर हीटमध्ये. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स शर्यतीला जाणाऱ्यांचं तर आणखी कठीण. ती होते जूनच्या सुमारास, त्यामुळे सगळ्यात लांब पल्ल्याच्या धावा मार्च ते मे या ऐन उन्हाळ्यात काढाव्या लागतात. आपल्याकडे शर्यतीपेक्षा सरावातच उकाडा जास्त छळतो.

आणि या सरावात पाण्याबद्दल दोनच सल्ले कानावर पडतात. एक, 'भरपूर पी'. दुसरा, 'तहान लागली की पी'. पहिला सल्ला तंतोतंत पाळला तर माणूस अतिदक्षता विभागात पोचू शकतो. दुसरा तासाभराच्या धावेला पुरेसा आहे, हळू धावणाऱ्यांसाठी तर तोच सगळ्यात सुरक्षित. पण ज्याला खूप घाम येतो आणि जो दमट हवेत दोन-तीन तास धावणार आहे, त्याला तो कमी पडतो, कारण तहान लागेपर्यंत बरंच पाणी गेलेलं असतं आणि राहिलेल्या वेळात पोट ते सगळं भरून काढू शकत नाही. तुमच्यासाठी योग्य आकडा तुमच्या घरच्या वजनकाट्यावर मिळतो. तो कसा काढायचा, आणि तो आकडा पोटाच्या कुवतीबाहेर गेला तर काय करायचं, हे या लेखात आहे.

उष्णता येते कुठून, जाते कुठे

65 किलो वजनाचा एक धावणारा धरू. वेग ताशी 9 किलोमीटर. धावताना साधारण दर किलोला, दर किलोमीटरला 1 किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे तासाला सुमारे 585 किलोकॅलरी. यातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग उष्णता होऊन बाहेर पडतो, प्रत्यक्ष धावण्याच्या कामी येतो तो उरलेला. म्हणजे तासाला कमीत कमी 450 किलोकॅलरी उष्णता अंगात तयार होते. ती बाहेर गेलीच नाही तर शरीराचं तापमान तासाभरात 8 अंशांनी चढेल. 37 वरून 40 वर जायला 20-25 मिनिटंसुद्धा पुरतील.

ही उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घामाची त्वचेवरून पूर्ण वाफ झाली तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता निघून जाते. जो घाम निथळून बुटात उतरतो, त्याचा थंडाव्यासाठी काडीचाही उपयोग नाही. आपल्या धावणाऱ्याला कोरड्या हवेत पाऊण लिटर घाम पुरला असता. मुंबईत शरीर दीड लिटर गाळतं, त्यातला अर्धा वायाच जातो.

माठाचं असंच असतं. मे महिन्यात नागपुरात माठातलं पाणी गारेगार होतं, तोच माठ रत्नागिरीत ठेवला तर पाणी जेमतेम थंड. हवेत आधीच वाफ भरलेली असेल तर नव्या वाफेला जागा कुठली?

म्हणून धावण्याआधी मोबाइलवर तापमान बघण्यापेक्षा दवबिंदू बघा, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाली की दव पडू लागतं तो आकडा. सापेक्ष आर्द्रतेचा आकडा फसवतो. पहाटे हवा थंड असते म्हणून तो चढलेला दिसतो, दुपारी उतरतो, पण हवेतली वाफ तेवढीच असते. दवबिंदू ती वाफ थेट सांगतो. दवबिंदू 15 अंशांच्या खाली असेल तर घाम छान वाळतो. 20 च्या पुढे लांब धाव जड जायला लागते. 24-25 च्या पुढे नेहमीचा वेग टिकणार नाही हे गृहीत धरूनच घराबाहेर पडायचं. पावसाळ्यात मुंबईचा दवबिंदू पहाटे पाच वाजताही या शेवटच्या गटात असतो. मे महिन्यातल्या विदर्भात उलट आहे. तिथे घाम इतका पटकन वाळतो की अंग कोरडं वाटतं, 'आज घामच आला नाही' असा समज होतो आणि पाणी कमी प्यायलं जातं. तिथे टोपीवर आणि बनियनवर उमटलेले मिठाचे पांढरे पट्टे बघा, किती गेलं ते कळेल.

पाणी कमी पडलं की आत काय होतं

घामातलं पाणी शेवटी रक्तातूनच येतं. रक्तातला पाण्याचा भाग, म्हणजे प्लाझ्मा, कमी झाला की प्रत्येक ठोक्याला हृदय कमी रक्त ढकलतं. तीच ऑक्सिजनची गरज भागवायला ठोके वाढतात. घड्याळ लावून धावत असाल तर हे स्पष्ट दिसतं: वेग तोच, रस्ता सपाट, पण पहिल्या तासात 145 असलेले ठोके दुसऱ्या तासाच्या शेवटी 160 वर. त्याच वेळी त्वचेलाही रक्त हवं असतं, उष्णता बाहेर न्यायला. स्नायू आणि त्वचा या ओढाताणीत पोट आणि आतड्यांच्या वाट्याचं रक्त तुटतं. म्हणून उशिरा घटाघटा प्यायलेलं पाणी पोटात नुसतं डचमळतं, मळमळतं, कधी उलटून पडतं. 'मला धावताना पाणी सोसत नाही' म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची खरी अडचण पाणी नसून उशीर असते.

वजनाच्या सुमारे 2 टक्क्यांपर्यंत पाणी गेलं तर बहुतेकांना फारसा फरक पडत नाही. त्यापुढे, विशेषतः उकाड्यात, वेग टिकवणं अवघड होत जातं. ही रेषा कातरीने कापल्यासारखी नाही. इथिओपियाचा दिग्गज धावपटू हेले गेब्रसेलासीने 2009 ची दुबई मॅरेथॉन जिंकली तेव्हा त्याचं वजन जवळपास 10 टक्क्यांनी उतरल्याची नोंद आहे. पण तो दोन तासांच्या आसपास मोकळा झाला होता. चार-पाच तास उन्हात असणाऱ्याने त्याचा दाखला स्वतःला लावू नये. 2 टक्के ही सरावासाठी शहाणी मर्यादा आहे.

घामाची चाचणी

यासाठी 100 ग्रॅमपर्यंत फरक दाखवणारा डिजिटल वजनकाटा हवा, 50 ग्रॅमचा मिळाला तर उत्तम. शिवाय स्वयंपाकघरातला छोटा काटा आणि एक बाटली.

सकाळचे विधी उरकून, लघवीला जाऊन, कपड्यांशिवाय वजन करा. भरलेली बाटली छोट्या काट्यावर ठेवून तिचंही वजन लिहून ठेवा. मग बरोबर एक तास धावा, लांब धावेला ठेवता त्याच वेगाने. मध्ये लघवीला जायचं नाही, बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतायचं नाही. परत आल्यावर लगेच कपडे काढून केसांसकट अंग खसखसून पुसा आणि पुन्हा वजन करा. ओल्या कपड्यांनिशी वजन केलं तर चाचणी फुकट गेली, कारण टी-शर्ट आणि मोज्यांत घाम सहज पाव-अर्धा लिटर मुरलेला असतो. बाटली पुन्हा तोला.

हिशोब साधा आहे. आधीचं वजन वजा नंतरचं वजन, अधिक प्यायलेलं पाणी. 65.0 किलो होतं, 64.1 झालं, मध्ये 300 मिली प्यायलात, तर घाम 900 अधिक 300, म्हणजे तासाला 1.2 लिटर. बहुतेकांचा आकडा अर्धा ते दोन लिटरच्या दरम्यान येतो. इतकी मोठी तफावत असताना सगळ्यांना एकच सल्ला लागू पडेल तरी कसा?

एका चाचणीवर थांबू नका. ऑगस्टच्या दमटात एक, ऑक्टोबरच्या उन्हात एक, डिसेंबरमध्ये एक करा, आणि प्रत्येक आकड्यापुढे त्या सकाळचं तापमान, दवबिंदू आणि वेग लिहा. पुणे-नाशिकहून मुंबईला धावायला येणाऱ्यांनी हे नक्की करावं. जानेवारीत पुण्याची पहाट 10-12 अंशांची, मुंबईची त्याहून बरीच उबदार आणि दमट. घरचा आकडा तिथे चालत नाही, आणि पाच तास लागणाऱ्याला शेवटचे दोन तास तर चक्क उन्हात काढायचे असतात.

आकडा आला, आता प्यायचं किती

आलेला घाम जसाच्या तसा भरून काढायचा नाही. 2 टक्के तूट शरीराला चालते, तेवढी सोडून बाकीचं प्यायचं. आपल्या 65 किलोच्या धावणाऱ्याची 2 टक्के तूट म्हणजे 1.3 लिटर.

नोव्हेंबरची सकाळ, हाफ मॅरेथॉनचं अंतर, वेळ सव्वादोन तास, घाम तासाला 1.2 लिटर. एकूण घाम 2.7 लिटर. त्यातून 1.3 वजा केले की उरतात 1.4 लिटर. सव्वादोन तासांत विभागले तर तासाला सुमारे 620 मिली, म्हणजे दर 15 मिनिटांनी 150 मिली, मध्यम आकाराचे चार-पाच घोट. हे जमण्यासारखं आहे.

आता तोच माणूस, ऑक्टोबर, 32 किलोमीटर, वेळ 3 तास 40 मिनिटं, घाम तासाला 1.5 लिटर. एकूण 5.5 लिटर. 1.3 सोडले तरी 4.2 लिटर प्यायला हवेत, तासाला 1.15 लिटर. आणि इथे गणित अडतं. धावताना बहुतेकांच्या पोटातून आतड्यात आणि तिथून रक्तात तासाला साधारण 800 मिली ते 1 लिटर एवढंच पाणी जाऊ शकतं. उकाडा आणि वेग वाढले की त्याहूनही कमी.

वेग कमी केला तर? किलोमीटरमागे जवळपास एक मिनिट हळू धावून तेच अंतर 4 तास 10 मिनिटांत काढलं, घाम तासाला 1.3 लिटरवर आला असं धरू. एकूण घाम जवळजवळ तेवढाच, 5.4 लिटर, कारण किलोमीटरमागे तयार होणारी उष्णता फारशी बदलत नाही. फायदा एवढाच की तो भरून काढायला आतड्यांना अर्धा तास जास्त मिळतो. तरी तासाला 980 मिली लागतातच. तूट 3 टक्क्यांपर्यंत जाऊ दिली तेव्हा कुठे आकडा 830 वर येतो. म्हणजे जेमतेम.

यातून आमचं स्पष्ट मत असं बनलं आहे: ऑक्टोबर हीटमध्ये एका दमात 32 किलोमीटर काढायचा हट्ट धरू नये. त्या आठवड्यात पहाटे 20 आणि संध्याकाळी 12 असे तुकडे करा, मध्ये जेवण, झोप आणि पाणी. किंवा 24 वर थांबा आणि 32 नोव्हेंबरच्या शेवटी काढा. साडेचारला सुरुवात करा, उन्हाचा निदान एक तास वाचतो. जिथे पोट पुरत नाही तिथे आणखी एक बाटली बरोबर घेऊन काही होणार नाही. अंतर किंवा वेळापत्रकच बदलावं लागतं.

पोटाची कुवत सरावाने थोडी वाढते. आधी तासाला 400 मिलीवर सुरू करा आणि दर आठवड्याच्या लाँग रनला 50-100 मिलीने वाढवत न्या. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदाच 700 मिली प्यायला गेलात तर पोट ऐकणार नाही.

जास्त पाणी प्यायल्याने काय होतं

घामातून पाणी आणि सोडियम दोन्ही जातं. त्या जागी नुसतं पाणी, आणि तेही घामापेक्षा जास्त भरलं, तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. ते लिटरला 135 मिलिमोलच्या खाली गेलं की त्याला हायपोनेट्रेमिया म्हणतात. एरवी जास्तीचं पाणी मूत्रपिंडं काढून टाकतात. पण लांब धावताना शरीर पाणी राखून ठेवणारं संप्रेरक स्रवतं, त्यामुळे ती वाट अरुंद होते. पाणी पेशींमध्ये शिरतं, मेंदूच्या पेशी फुगतात, आणि कवटीत फुगायला जागा नसते.

खेळाडूंमधल्या याच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी एक 1981 च्या कॉम्रेड्स शर्यतीतली आहे. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या 488 जणांचं रक्त तपासलं, तेव्हा 13 टक्के जणांचं सोडियम कमी निघालं आणि तिघांचं तर धोकादायक पातळीवर. कोणाचं कमी झालं? ज्यांचं वजन धावून वाढलं होतं, ज्यांना चार तासांहून जास्त वेळ लागला होता, आणि ज्यांची शरीरं फार किरकोळ किंवा फार स्थूल होती. हळू, पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी थांबून, काळजीने दोन-दोन ग्लास पिणाऱ्यांना हा धोका असतो. लहान चणीच्या स्त्रियांनी तर विशेष सांभाळावं, कारण त्यांचा घाम तासाला अर्धा लिटर असू शकतो आणि ग्लास मात्र सगळ्यांना सारखाच मिळतो.

खुणा अशा: अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा घट्ट होणं, बोटं सुजणं, पोट फुगणं, डोकं दुखणं, उलटी, मग असंबद्ध बोलणं. अशा माणसाला 'पाणी कमी पडलं असेल' म्हणून आणखी पाणी पाजणं सगळ्यात घातक. शुद्धीवर असेल तर खारट सूप चालेल, नाहीतर थेट रुग्णालय. धावून परत आल्यावर वजन सुरुवातीपेक्षा वाढलेलं दिसलं, तर पाणी जास्त झालं, एवढं लक्षात ठेवा.

मीठ, साखर आणि घरचं सरबत

एका लिटर घामात साधारण 450 ते 1800 मिलिग्रॅम सोडियम असतं, बहुतेकांचं हजारच्या आसपास. घाम डोळ्यांत चुरचुरत असेल, टोपीवर पांढरे पट्टे येत असतील तर तुम्ही वरच्या टोकाला आहात. धावताना हे सगळं भरून काढायची गरज नाही. दीड-दोन तासांपर्यंतच्या धावेला साधं पाणी आणि नंतरचं जेवण पुरतं. त्यापुढे तासाला 300 ते 600 मिलिग्रॅम सोडियम पोटात जाईल असं बघा.

मीठ आणि साखर एकत्र का, यामागे एक सुंदर यंत्रणा आहे. आतड्याच्या भिंतीत अशी प्रथिनं असतात जी सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत ओढतात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. ओआरएस याच तत्त्वावर चालतं. 1971 मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांमध्ये हे द्रावण कालवून रुग्णांना पाजलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आणलं. आज लाँग रनच्या पट्ट्यात ठेवलेली पुडी त्याच घराण्यातली आहे.

पण जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस जुलाबाच्या रुग्णासाठी बनलं आहे. लिटरला त्यात 1700 मिलिग्रॅमच्या वर सोडियम आणि फक्त 13.5 ग्रॅम ग्लुकोज. धावणाऱ्याला ऊर्जा जास्त आणि मीठ त्याहून कमी हवं असतं. फार खारट घाम येणाऱ्याने किंवा धाव संपल्यावर ते जरूर घ्यावं, पण पूर्ण लिटरची पुडी पूर्ण लिटरमध्येच. अर्ध्या बाटलीत सगळी ओतली तर द्रावण इतकं घट्ट होतं की आतडं उलट स्वतःचंच पाणी त्यात सोडतं आणि पोट बिघडतं. दुकानातल्या गोड तयार पेयांबद्दलही सावध असा. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली. तेव्हा पाकिटाच्या पुढची जाहिरात सोडा, मागचे सोडियम आणि साखरेचे आकडे वाचा.

धावतानासाठी घरचं लिंबू सरबत कोणत्याही पावडरच्या तोडीस तोड आहे. एक लिटर पाणी, 40 ग्रॅम साखर, दीड ग्रॅम मीठ, एका लिंबाचा रस. यात साखर 4 टक्के आणि सोडियम सुमारे 600 मिलिग्रॅम येतं. साखर 60 ग्रॅमपर्यंत नेता येते, त्यापुढे पोट जड होतं. मीठ चिमटीने घालू नका. प्रत्येकाची चिमूट वेगळी, आणि जाडं मीठ चमच्यात कमी मावतं. दीड ग्रॅम मोजायला काटा नसेल तर 15 ग्रॅम मिठात पाणी घालून एकूण 150 मिली द्रावण करून ठेवा. त्यातलं 15 मिली, म्हणजे औषधाच्या टोपणाने मोजून घेतलेलं, बरोबर दीड ग्रॅम मीठ. सैंधव घ्या की साधं, सोडियममध्ये नाव घेण्यासारखा फरक नाही.

शहाळ्याचं पाणी चांगलंच, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं. घामाचं नेमकं उलट असतं. बाटलीत भरायचं तर चवीपुरतं मीठ घालून. एनर्जी जेल घेत असाल तर त्यावर साधं पाणी प्या, सरबत नको, नाहीतर पोटात साखरेचा पाक होतो. आणि पायात गोळे आले की लगेच मिठाच्या गोळ्या तोंडात टाकू नका. बऱ्याचदा गोळे येतात ते दमलेल्या स्नायूंमुळे, सवयीपेक्षा जास्त वेगाने धावल्यामुळे. थांबून ताण दिला की ते सुटतात.

रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर, मिठाचं आणि पाण्याचं गणित डॉक्टरांना विचारूनच बसवावं.

आदल्या रात्रीपासून धाव संपेपर्यंत

पुस्तकी सल्ला असतो, धावण्याच्या चार तास आधी किलोला 5 ते 7 मिली पाणी प्या. पहाटे पाचला धावणारा रात्री एकला उठून पाणी पिणार नाही. म्हणून आदल्या संध्याकाळीच काम करायचं: जेवणाबरोबर नेहमीपेक्षा एक ग्लास जास्त, जेवण नेहमीसारखं मिठाचं, झोपताना लोटाभर पाणी नको, नाहीतर झोपमोड होते. उठल्यावर लगेच 300-400 मिली, म्हणजे निघेपर्यंत 45 मिनिटं मिळतात आणि जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. एक कप चहा किंवा कॉफीने काही बिघडत नाही.

सकाळची पहिली लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक. गडद असेल, वजन गेल्या काही सकाळच्या सरासरीपेक्षा 600-700 ग्रॅमनी कमी असेल आणि तहानही लागली असेल, तर शरीर आधीच तुटीत आहे. बी जीवनसत्त्वाच्या गोळीने लघवी तशीही पिवळीधमक होते, तेव्हा रंगावर एकट्यावर विसंबू नका. आठवडाभर उन्हाळी लागत असेल, लघवीला जळजळ होत असेल, तर लाँग रन पुढे ढकला. निर्जळी उपवासाच्या दिवशी तर नकोच.

धावताना पहिला घोट 15-20 मिनिटांनीच घ्या, घड्याळात गजर लावून. पाणी वाहायचे मार्ग तीन: हातात धरायची 500 मिलीची मऊ बाटली, कमरेचा पट्टा, किंवा पाठीवर पाण्याची पिशवी आणि प्यायची नळी असलेलं दीड-दोन लिटरचं जाकीट. जाकीट पाठ झाकतं, त्यामुळे दमट हवेत तिथला घाम वाळत नाही. मुंबईसाठी आम्ही दुसरंच सुचवू: 4-5 किलोमीटरची फेरी ठरवा, सुरुवातीच्या जागी पाणी ठेवा आणि दर फेरीला तिथे या. बाटली रात्री अर्धी भरून आडवी फ्रीजरमध्ये ठेवा, पहाटे वर पाणी भरा. दोन तास गार राहतं, आणि गार पाणी आतूनही थोडी उष्णता शोषतं. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत डोक्यावर, मानेवर, हातांवर पाणी ओतल्याने खरोखर अंग थंड होतं. दमट किनाऱ्यावर ते लवकर वाळत नाही, तिथे बर्फाचे तुकडे टोपीत किंवा रुमालात बांधून मानेला लावणं जास्त कामाचं.

सरबताच्या बाटल्या आणि जाकिटाची नळी त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन उघड्या वाळवा. पावसाळ्यात दोन दिवसांत आत बुरशी धरते, आणि मग पोट बिघडल्याचा दोष धावण्यावर येतो.

उकाड्याची सवय लागायला 10 ते 14 दिवस, रोज तास-दीड तास त्या हवेत धावावं लागतं. पहिल्या आठवड्यातच प्लाझ्मा वाढतो. मग घाम लवकर सुटतो, जास्त येतो, पण कमी खारट होतो. म्हणजे सवय झालेल्याला पाणी जास्त लागतं, कमी नव्हे. चाचणी पुन्हा करायचं हे आणखी एक कारण. एसी जिममध्ये ट्रेडमिलवर केलेले किलोमीटर या सवयीत धरता येत नाहीत.

संपल्यावर

घरी येऊन वजन करा. जेवढं उतरलं त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी तीन-चार तासांत, थोडं थोडं करून. 1.3 किलो उतरलं तर 1.6 ते 2 लिटर. एकदम प्यायलेलं बरंचसं लघवीत जातं. मीठ सोबत असेल तर पाणी अंगात राहतं, म्हणून इथे आपलं स्वयंपाकघर फार उपयोगी पडतं: मीठ घातलेलं ताक, कोकमाचं सार, पन्हं, आणि कोकणातली मीठ घातलेली गरम पेज लोणच्याच्या फोडीसोबत. पेजेत पाणी, मीठ आणि भाताची पिष्टमय ऊर्जा तिन्ही एकत्र असतात.

धावण्याआधी किंवा धावताना आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी घेऊ नका. पाणी कमी असलेल्या मूत्रपिंडांवर त्यांचा ताण येतो.

उष्माघात ओळखायचा कसा, करायचं काय

उष्माघात पाणी पूर्ण प्यायलेल्यालाही होतो. छोट्या अंतरात, जास्त वेगात, तापातून नुकतं उठल्यावर धावताना तो गाठतो. अंग घामाने चिंब असतानाही तो असू शकतो, त्वचा कोरडी पडायची वाट बघू नका. ओळखायची खूण डोक्यात असते: जोडीदार वाकडातिकडा धावतो, भलतंच उत्तर देतो, चिडतो, थांब म्हटलं तरी थांबत नाही, भोवळ येऊन पडतो.

अशा वेळी एकाने 108 ला फोन करायचा आणि बाकीच्यांनी त्याच क्षणी थंड करायला लागायचं. बर्फाच्या पाण्याचा टब मिळाला तर मानेपर्यंत बुडवा, डोकं धरून ठेवा. रस्त्यावर टब नसतो. मग सावलीत झोपवा, कपडे काढा, मिळेल ते पाणी अंगभर ओतत राहा, बर्फाच्या पाण्यात भिजवलेले टॉवेल डोकं, छाती, मांड्यांवर ठेवून दर मिनिटाला बदला, वारा घाला. पहाटे बर्फ हवा असेल तर मासळी बाजार आणि दूध केंद्राजवळ मिळतो, गटाने धावणाऱ्यांनी आपल्या मार्गावरची जागा आधीच माहीत करून घ्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जाईल. आधी थंड करणं, मग हलवणं. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरवता आलं तर जीव वाचण्याची शक्यता फार मोठी असते.

थंड केल्यावर माणूस ताळ्यावर आला, उठून बसला, 'मी बरा आहे' म्हणाला तरी त्याला घरी सोडू नका. अतिउष्णतेत स्नायूंचे तंतू तुटून त्यांतली प्रथिनं रक्तात उतरतात आणि एक-दोन दिवसांनी मूत्रपिंडं आणि यकृत बिघडू शकतं. ते रक्ततपासणीतूनच कळतं. लघवी चहाच्या रंगाची झाली तर तासाचाही उशीर न करता रुग्णालय गाठा.